हंगामी न्यायमूर्ती

वकीलसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि "पुढं बोला" म्हणाले, की समजावं, समोरच्याची आता धडगत नाही. शिरूरच्या कचेरीसमोर माझं सायकलचं दुकान आणि शेजारीच त्यांची बैठक. त्यामुळे ही टोपी कुणाकुणावर निघाली ते मी बसल्या जागी पाहिलं आहे.

त्यांच्या पहिल्या निवडणुकीत प्रचाराचा कर्णा माझ्या सायकलला बांधलेला होता. घसा माझा बसला आणि आमदार ते झाले. मला वाटलं, आता आपलीही चार कामं होतील. एकदा मेहुण्याच्या नोकरीचं हळूच काढलं, तर टोपी निघाली. "भाई, पुढं बोला." मी म्हटलं, "काही नाही साहेब, तुमच्या सायकलमध्ये हवा आहे का, ते विचारायला आलो होतो."

मुंबईला विधानसभेतही हीच तऱ्हा. जमिनी ताब्यात घेण्याच्या कायद्यावर त्यांनी आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला अडवलं. ज्याची जमीन जाणार त्याच्या गावात दवंडी पिटलीच पाहिजे, असं कलम घालायला लावलं. पुढे पक्षानं त्यांना हायकोर्टात न्यायमूर्ती करवलं. त्यात विद्वत्तेचा मान किती आणि ब्याद टाळण्याची हौस किती, ते अल्ला जाणे. नेमणूक मात्र हंगामी होती. दोन वर्षं काम बघायचं आणि मग कायम करायचं, असं ठरलेलं.

नेमका आमच्याच भागातला खटला त्यांच्यापुढे आला. "मी त्याच मुलखातला आहे, चालेल का?" असं त्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं. सरकारी वकील हसत हो म्हणाला. त्याला वाटलं, माणूस आपलाच आहे.

सरकारला भीमेकाठच्या एका गावाची बागायती जमीन वसाहतीसाठी हवी होती. दवंडी झाली होती, पण दौंडच्या आठवडे बाजारात. बाजाराला सगळा तालुका येतो, मग गावोगाव कोण हिंडणार, असा अंमलदारांचा विचार. त्या गावची माणसं बाजाराला यवतला जातात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मोजणीवाले बांधावर येऊन उभे राहिले तेव्हा लोकांना कळलं, की आपली जमीन गेली.

त्या सुमारास साहेब सुट्टीला शिरूरला आले होते. त्यांना पहिलं तिकीट मिळवून देणारे पक्षाचे आप्पा मला सोबत घेऊन बैठकीत शिरले.

"कायम व्हायचंय न्हवं?" आप्पा म्हणाले. "मग तेवढं भीमंकाठचं सांभाळून घ्या. दवंडी झालीच हाय की. हितं काय आन् तितं काय?"

टोपी टेबलावर आली. मी दाराकडे सरकलो.

"आप्पा, तुम्ही मला वडिलांच्या जागी," साहेब म्हणाले. "म्हणून आत्ता बोललात ते मला ऐकू आलं न्हाई. पुन्हा बोललात तर ऐकू येईल, आन् मग तुम्हाला कोर्टात उभं करावं लागंल. चहा घ्या."

आप्पांनी चहा घेतला नाही.

निकाल लागला. गावात म्हणजे गावातच, दुसऱ्या गावच्या बाजारातली दवंडी चालणार नाही. जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली. दोन महिन्यांनी साहेबांची मुदत संपली आणि कायम केल्याचा हुकूम काही आला नाही. कुणी कारणही सांगितलं नाही. मी पक्षाच्या कचेरीत जाऊन तोंडाला येईल ते बोललो. साहेबांना ते कळलं, तर त्यांनी मलाच झापलं. "माझ्यासाठी भीक मागायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

गावाला वाटलं, आता हे शरमेनं घरी बसतील. ते सोमवारी सकाळी काळा कोट घालून शिरूरच्या तालुका कोर्टात हजर! त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं लोटली, पण मला ते आठवतात ते त्या सकाळचेच. न्यायाधीश अगदी पोरगेला होता. साहेबांना दारात बघताच तो खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा साहेब," ते म्हणाले. "उभं राहायचं काम आता माझं आहे."

मागच्या बाकावर मला रडू आवरेना. त्यांनी मात्र ताठ मानेनं फाईल उघडली आणि एका धनगराच्या चोरीला गेलेल्या मेंढ्यांवर बोलायला सुरुवात केली.