आभारपत्रावर मी सही केली नाही

मंडळी, आज सकाळी माझ्यामुळे सोसायटीत थोडी पंचाईत झाली.

आमच्या भाईंदर पूर्वेच्या बिल्डिंगला पाण्याची नवी लाइन मिळाली. सेक्रेटरी शाहभाई नगरसेवकांसाठी आभारपत्र घेऊन दारात आले. सहीला पेन घेतलं आणि देसाईकाका आठवले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. पक्के कम्युनिस्ट. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभे असतानाही रशियन क्रांतीच्या नेत्याचे विचार समजावत राहायचे. राज्यकारभार साध्या कामकरी माणसांनीच चालवायचा, हा त्यांचा लाडका मुद्दा. कामावरून आले की रोज संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगचे पाण्यासाठीचे अर्ज लिहीत बसायचे.

शेवटी नळ आला. आई शाल-श्रीफळ घेऊन नगरपालिकेत निघाली, तर काकांनी जिन्यातच अडवलं. “वहिनी, पाणी हक्काचं आहे. आभार मानलेत की तो उपकार होतो.”

आईने शाल कपाटात ठेवली आणि नारळाच्या वड्या केल्या.

“अरे भाई, एक साइन करने में क्या जाता है?” मी पेन परत केल्यावर शाहभाई म्हणाले. मी काकांचं म्हणणं त्यांना हिंदीत ऐकवलं. ते हसले आणि शेजारच्या दारी गेले.

दार लावल्यावर मात्र मलाच खटकलं. काका आता नाहीत, आणि आम्ही त्यांचेही आभार कधी मानले नाहीत. तुमच्या बिल्डिंगमध्ये होतं का असं कोणी?

काका, पाणी आमच्या हक्काचं होतं. तुमच्या संध्याकाळी नव्हत्या. म्हणून हे आभार.