उजवीकडचा आठवा पाटा

जीप माझ्यापेक्षा दुपटीने जुनी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लिलावातून घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी वाचायला शिकले ते तिच्या मागच्या सीटवर पडलेल्या लाल बावट्याच्या पत्रकांवरून. पुढे अण्णांचे गुडघे गेले आणि जीप परळीतल्या आमच्या घरामागे चार वर्षं उभी राहिली. वीज केंद्राची राख बसून बसून तिचा हिरवा रंग ओळखू येईना.

यंदा मी ती बाहेर काढली. दिवाळी झाली की सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. ते निघण्याआधी मला तिथल्या बायकांच्या हातात एक पत्रक द्यायचं होतं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, पण टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं असतं. बाईचंही नाव लिहा, एवढीच मागणी. ट्रॅक्टर एकदा गेले की पुढचे सहा महिने ही माणसं गावात सापडत नाहीत.

इंजिन दोन दिवसांत चालू झालं. अडलं ते पुढच्या कमानींवर. या जुन्या जीपला पुढच्या दोन्ही चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते, मोठ्यावर लहान अशा चळतीने आवळलेली. आमच्या कमानींचे दोन पाटे तडकलेले होते, बाकीचे गंजून एकमेकांना चिकटलेले. रबरी बुशांचा नुसता भुगा उरला होता. गॅरेजच्या मिस्त्रींनी सगळं खोललं आणि मला सोडून इतर सगळ्यांना विचारायला सुरुवात केली.

"अण्णाला फोन लावा की, ताई. बुश पितळी घालू का रबरी, इचारायचंय."

"मला विचारा. गाडी माझ्या नावावर हाय."

"नावावर असू द्या. पर गाडी अण्णाची."

नाव लिहून काय होतं, याचा धडा मला त्या गॅरेजमध्ये रोज मिळत होता. बुश कुठले घालायचे ते अण्णांनी ठरवलं. रंग लावायचा की नाही, तेही त्यांनीच. मी आठवडाभर डिझेलमध्ये पाटे घासत बसले होते, नखं काळी झाली होती, तरी चहा आला की पोऱ्या आधी विचारायचा, अण्णा येणार हायेत का.

तडकलेले दोन पाटे नवे आणले, बाकीचे भट्टीत तापवून, घणाने पुन्हा वाक देऊन आले. मिस्त्री ते जुळवायला लागले तेव्हा मी मोजले. डावीकडे सात, उजवीकडे आठ.

"उजवीकडं एक जास्तीचा कावून?"

"पयल्यापासून तसंच हाय. डायवर उजवीकडं बसतो, टाकी त्याच्या सीटखाली. तिकडं वजन जास्त."

मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. तो पाटा अण्णांनीच कधीतरी सभेला माणसं कोंबून नेण्यासाठी वाढवला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवाय आठवडाभरात पहिल्यांदा माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं आणि आता ते मोडून काढायची मला घाई झाली होती.

"दोन्हीकडं सारखे पायजेत. सातच घाला."

"अण्णाला फोन..."

"सात घाला म्हणलं ना."

त्यांनी सात घातले. एका शब्दाने वाद घातला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

गाडी जॅकवरून उतरली आणि चांगली चार बोटं उजवीकडे कलली. गॅरेजमधले सगळे खाली वाकून बघायला लागले.

"कामरेडची गाडी आन् उजवीकडं झुकती," कुणीतरी म्हणालं. हसण्यात मिस्त्रीही सामील झाले.

पुन्हा खोलायचं तर दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती, आणि ट्रॅक्टर सकाळीच निघणार होते.

"एक हाय," मिस्त्री म्हणाले. "अण्णाला डावीकडं बसवा. गाडी सरळ. नव्वद किलोचा पाटा हाय तुमच्या घरात, वाया कावून घालवता?"

सकाळी अण्णा खरंच काठी आणि शबनम घेऊन दारात तयार होते. ते आले की लोक त्यांच्याशीच बोलणार, बायकाही पदर सावरून त्यांनाच नमस्कार करणार, हे मला दिसत होतं. "मी एकटीच जाते," मी म्हणाले. ते चप्पल काढून आत गेले. अजून त्या वाक्याची लाज वाटते, आणि ते तेव्हा मला बरोबर वाटलं होतं याचा राग येतो.

सिरसाळा अजून लांब होतं. प्रत्येक खड्ड्यात उजवं चाक वर येऊन चेसिसला आदळत होतं. मी सावकाश चालवत होते, पण एका पुलाच्या तोंडाशी खाडकन आवाज आला आणि स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं. कमानीचा सगळ्यात मोठा पाटा मधोमध मोडला होता.

मी रस्त्याच्या कडेला पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी राहिले आणि समोरून ट्रॅक्टर यायला लागले. ट्रॉल्यांवर बायका, गोधड्या, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या. मी हात केला. त्यांनीही हात केला आणि त्या गेल्या. असे पाच ट्रॅक्टर गेले. सहावा थांबला. मुकादम उतरला, जीपखाली वाकला आणि आपल्या ड्रायव्हरला म्हणाला, "उजवीकडं पाटा कमी घातलाय बे कुणीतरी." मग माझ्याकडे बघून, "वढून न्यायची का, ताई? आमी परळीवरूनच चाललोय."

ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, त्याच्याच साखळीने मी परळीला परत आले. निघण्याआधी त्याने माझ्या कमानीत लाकडाचा ठोकळा घालून ती दोरीने आवळूनही दिली, आणि काम चांगलं केलं होतं.

परळीच्या नाक्यावर साखळी सोडून तो चहाला गेला. मी ट्रॉलीकडे पळाले आणि पत्रकं वर दिली. कडेला बसलेल्या बाईने कागद उलटसुलट करून बघितला.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

"ते लिहायला लावायचंय मुकादमाला. तीच मागणी हाय."

"मग तुमीच लिव्हा की आधी."

कागदाची मागची बाजू कोरी होती. तो जीपच्या बॉनेटवर ठेवून मी लिहायला लागले. वरून बायका एकेक नाव सांगत होत्या, काहीजणी हसत, काहीजणी नवऱ्याकडे बघत. मुकादम चहाचा कप घेऊन आला, माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "लिव्हा, लिव्हा. तुमची शाळा सुटली की सांगा." मग त्याने ड्रायव्हरला निघायची खूण केली.

नवव्या बाईने नाव सांगितलं आणि ती थांबली. "आडनाव सासरचं सांगू का म्हायेरचं?"

यावर आमच्या पत्रकात एक ओळही नव्हती. मी "तुम्हाला हवं ते" म्हणेपर्यंत ट्रॅक्टर हलला होता. ती काहीतरी सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. कागदावर पुरी नावं आठच झाली होती; ट्रॉलीत निदान पंधराजणी तरी होत्या.