किसनरावांच्या देखण्या कोंबड्या

दिग्रसचे किसनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि घरातल्या प्रत्येक फोडणीवर मत देऊ लागले. चौथ्याच दिवशी त्यांच्या पत्नी कोकिळाबाई म्हणाल्या, "अवो, कोंबड्या तरी पाळा!"

किसनरावांनी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि दहा कोंबड्या मागवल्या. सोनेरी, वजनदार, पायांपर्यंत दाट पिसं. जात थंड मुलखातली. "कोंबडी कशी भारदस्त पाह्यजे," म्हणत त्यांनी भर उन्हात पत्र्याचं खुराडं उभं केलं. आल्यागेल्याला ते त्या अशा दाखवत, जशा लग्नाच्या मुलीच.

मे लागला, पारा पंचेचाळीसवर गेला. कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकू लागल्या. दोन दगावल्या. घाबरलेल्या किसनरावांनी घरातला कूलर खुराड्यापुढे लावला आणि स्वतःही स्टूल टाकून तिथंच बसले.

"मले बी तिकडंच ठेवा," आतून कोकिळाबाई ओरडल्या. "अंडं नाही, पण चहा तरी देईन!"

तिसरीही गेली, तेव्हा कोकिळाबाईंनी दारावर भाजी विकणाऱ्या, तांड्यावरच्या धनीबाईला आत बोलावलं. तिच्या घरी कोंबड्या पिढीजात. तिनं पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"भाऊ, गोधडी पांघरून तव्यावर बसवल्या तुमी ह्या!"

दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीतून पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. अंगानं सडपातळ, मानेवर एक पीस नाही.

"ह्यायची हजामत कोणं केली?" किसनराव दचकलेच.

"जन्मापासून अशाच हायेत. उघड्या मानेतून गरमी निघून जाते. तुमी नाही का शर्टाचं वरचं बटन उघडं ठेवून राह्यले?"

किसनरावांचा हात नकळत बटणाकडे गेला.

धनीबाईनं खुराडं कडुलिंबाखाली हलवायला लावलं. भिंतींना हवा खेळेल असा तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा कूड, पत्र्यावर गवत, सावलीत मातीच्या परळांतून पाणी, दाणे फक्त सकाळ-संध्याकाळ. उरलेल्या सोनेरी सातही तगल्या, पण अंडी द्यायचं नाव नाही. उघड्या मानेच्या मात्र भर दुपारी सावलीत माती उकरत आणि अंडीही देत. तरी पाहुणे आले की किसनराव ह्या बोडक्या मानेच्या कोंबड्यांना न्हाणीघरामागे हाकलत.

जूनमध्ये त्यांच्या एसटीवरचे जुने ड्रायव्हर शंकरसिंग पुसदहून आले. त्यांच्या सगळ्या कोंबड्या उन्हानं मेल्या होत्या. किसनराव सोनेरी कोंबड्या दाखवू लागताच त्यांनी थांबवलं. "किसन, देखण्या ऱ्हाऊ दे. उन्हाळ्यात अंडी देते अशी असंल तर दाखव."

किसनराव मुकाट्यानं न्हाणीघरामागे गेले. कोंबड्या पुढे आल्या आणि किसनरावांची जीभ सैल झाली. जात कशी निवडावी, यावर तासभर व्याख्यान झालं; निवड जशी त्यांचीच. कोकिळाबाईंनी शांतपणे चहा आणून ठेवला.

"धनीबाईचं नाव कवा येते म्हणून वाट पाहून राह्यली मी," त्या म्हणाल्या.

किसनराव कानापर्यंत लाल झाले. मग मोकळं हसले, चप्पल घातली आणि शंकरसिंगला घेऊन स्वतः तांड्यावर निघाले.