ऑक्सफर्ड आणि आमची ॲम्बॅसिडर

मी निघालो त्या दिवशी बाबा सकाळपासून गाडी पुसत होते. पांढरी ॲम्बॅसिडर. रत्नागिरीहून भाविकांना गणपतीपुळ्याला न्यायचं नि परत आणायचं, तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्या दिवशी पॅसेंजर मी होतो. स्टेशनवर मी उतरलो, ते स्टीअरिंगवरच बसून राहिले. म्हणाले, "जा. पोचलास की फोन कर."

याला नऊ वर्षं झाली. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात मी मेकॅनिक आहे. एवढ्या काळात दोन शहरं नि पाच खोल्या बदलल्या. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात त्यांना कळेल, बॅग कधी पुरती रिकामी होतच नाही. मागे राहिलेल्या घरच्यांना मी फोनवर दरवर्षी एकच सांगायचो, "पुढच्या सुट्टीत येतो नि बाबांची गाडी नवी करून देतो."

यंदा आमच्या गॅरेजात एका निवृत्त शिक्षिकेची ऑक्सफर्ड नावाची जुनी गाडी आली. याच गाडीवरून आपली ॲम्बॅसिडर घडली. तेच गोल बॉनेट, स्टीअरिंगखाली तोच गिअर. दार लावलं नि तो जाड आवाज ऐकून मी ते पुन्हा उघडून लावलं. पण हिला हीटर, आपलीला टपावर कॅरिअर. हिच्या सीटला लाल चामडं, आपलीच्या सीटला आईने शिवलेली खोळ. ही रविवारी दोघांना घेऊन फिरायची, आपलीत नऊ माणसं नि वर आंब्याच्या पेट्या. गंज मात्र दोघींना मिठाचाच. आपल्याकडे खारा वारा, इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ.

हिच्या इंजिनाची टकटक काही केल्या जाईना. शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"फोन इंजिनाजवळ धर," ते म्हणाले. डोळे मिटून ऐकलं. "टॅपेटची फट थंड इंजिनावर लावलीस ना? गरम होऊ दे, मग परत बघ."

तसं केलं. टकटक थांबली. बाबा इतके खूश झाले की मीही चेकाळलो. म्हटलं, "आता आपलीचा आवाज ऐकवा."

त्यांनी मग फोन फिरवून अंगणातली गाडीची शेड दाखवली. तिथे आईने मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"गेली रे. गणपतीच्या आधीच भंगारात दिली. तळ सडला होता, पॅसेंजरचा जीव कसा धोक्यात घालू?"

"मला सांगायचं तरी!"

"तू येतो येतो म्हणत होतास. वाट बघितली ना मी."

मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. स्पॅनर उचलून ऑक्सफर्डचं बॉनेट उगाच पुन्हा उघडलं. राग बाबांवर नव्हता, हे कबूल करायला दोन दिवस लागले. मग मीच फोन केला. म्हटलं, "आता येऊन काय करू, बाबा?"

"काय करायचंय?" ते म्हणाले. "जेवायचं, झोपायचं. घरी यायला काम लागतं काय?"

 आजवर दर खेपेला मी काहीतरी दुरुस्त करायला म्हणूनच गेलो होतो: पंप, फ्रिज, शेजाऱ्याची स्कूटर. आठवड्याच्या सुट्टीत गाडीला लागणारे दिवस कधी उरलेच नाहीत. हातात पाना नसला की त्या घरात कसं बसायचं, ते मी विसरलोय.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. आठव्या दिवसापासून पाय शिवशिवायला लागतील, ठाऊक आहे. तरी यावेळी महिनाभर तिथे नुसता बसून बघणार आहे.