क्योटोतले हजार चेहरे

ओटावात आमच्या शेजारी एक जपानी आजी राहतात. त्यांचं आणि माझ्या आईचं कुंपणावरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत मस्त जमतं. त्यांनीच एकदा आईला सांगितलं, की क्योटोला एका देवळात करुणेच्या देवतेच्या हजार मूर्ती आहेत. नीट शोधलं तर आपल्याला भेटावंसं वाटतं त्या माणसाचा चेहरा त्यांत सापडतो. झालं! त्या दिवसापासून आईनं जपानचा धोशाच लावला.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. मी विषय काढला की उठून भांडी घासायला लागायची, तेही घरात डिशवॉशर असताना. सहल ठरवली खरी, पण क्योटोला पोचल्यावरही ते देऊळ मी रोज उद्यावर ढकलत राहिले. चेहरा नाहीच सापडला तर हिला सावरायचं कसं, याचीच मला धास्ती होती.

शेवटचा दिवस उजाडला. नवरा म्हणाला, "आज शॉपिंग उरकू, मग लगेजचं वजन करायचंय." आई बूट घालून दारात तयार.

"तुम्ही करा शॉपिंग. आम्ही दोघी देवळात जातो," ती जावयाला म्हणाली.

बाहेरून देऊळ म्हणजे नुसती लांबलचक लाकडी इमारत. एवढ्यासाठी एवढा अट्टहास, असं माझ्या मनात आलंच. बूट काढून आत गेलो आणि मी दारातच थांबले.

माणसाएवढ्या सोनेरी मूर्ती, रांगेमागे रांग, नजर पोचेल तिथपर्यंत. एकेका मूर्तीला कितीतरी हात, त्यामुळे अंधूक उजेडात नुसते हातच हात. सगळं शेकडो वर्षांपूर्वी लाकडात कोरलेलं. पुढच्या रांगेत तर चक्क आपला गरुड बासरी वाजवत उभा! फोटोला मनाई होती, ते बरंच झालं. निदान हात जोडायचं तरी सुचलं. बॅन्फच्या डोंगरांपुढेही मला इतकं लहान वाटलं नव्हतं, आणि हे तर माणसांनी केलेलं.

आधी सगळे चेहरे सारखेच वाटले. मग डोळे सरावले. कुणाच्या पापण्या जड, कुणाचे गाल भरलेले, कुणी हसू दाबतंय. आई एकेका मूर्तीपुढे थांबत, मागच्या रांगांसाठी टाचा उंचावत पुढे सरकत होती. मी तिच्या मागून चालले होते. आपणही बाबांनाच शोधतोय, हे मला अर्ध्या वाटेत कळलं.

शेवटच्या मूर्तीपाशी ती बराच वेळ थांबली.

"नाहीत गं," ती वळून म्हणाली.

मी तिचा हात धरला. "आई, पुन्हा एक चक्कर मारूया का? मागचे नीट दिसत नाहीत."

"कशाला? बघितले की सगळे." तिचे डोळे कोरडे होते आणि चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "एवढ्या मोठ्या कारागिरांनी हजार चेहरे घडवले, पण तुझ्या बाबांसारखा एकालाही जमला नाही. अगं, त्यांचं ते जरासं वाकडं नाक, ते कुणाला जमणार?"

आणि बाहेर बुटांत पाय घालता घालता ते नाक वाकडं कसं झालं, ते ती सांगायला लागली. ती गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती.