मावसाजींचा दुसरा तारा

कुठल्याही गोष्टीवर सगळ्यात उशिरा विश्वास कोण ठेवतो, अशी स्पर्धा जबलपुरात ठेवली असती तर पहिला नंबर आमच्या मावसाजींचा आला असता, आणि त्यांनी निकालावरही विश्वास ठेवला नसता. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरल्या वेळात एकमेकांभोवती फिरणाऱ्या म्हाताऱ्या जोडताऱ्यांभोवती साचलेल्या धुळीच्या कड्यांची चित्रं तयार करायचे. गंमत म्हणजे त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. ग्रहण बघायला आलेले शेजारी नुसता चहा पिऊन हिरमुसले होऊन परतायचे. परदेशातल्या कुठल्याशा डोंगरावरच्या चार दुर्बिणींनी एकाच ताऱ्याचा उजेड टिपायचा आणि मावसाजींनी इथे कॉम्प्युटरवर त्या तुकड्यांतून चित्र जुळवायचं, असा सगळा मामला. "एकट्याच्या नजरेला कडं दिसतच नाही," ते म्हणत, "अन् जे मोजलं नाही, ते चित्रात भरायचं नाही."

हाच नियम त्यांनी संसारालाही लावला. माझ्या बहिणीला जवळच्याच खमरियाचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी मुलाच्या चार शेजाऱ्यांना चार कोपऱ्यांत उभं करून वेगवेगळं विचारलं. मुलाचे वडील घाबरून धावत आले, "भैया, लडके ने किया क्या है?" घरी येऊन मावसाजींनी निकाल दिला, "मुलगा चांगला दिसून राहिला, पण एका बाजूची माहिती कमी आहे." लग्न झालं. ती माहिती बहीण अजून पुरवते आहे.

मावशी मात्र त्यांना पुरून उरायची. स्क्रीनवरचं तांबूस कडं बघून दर वेळी विचारायची, "काहो, दोन तारे म्हणता, अन् दिसून तर एकच राहिला?"

"दुसरा मंद आहे. पण पहिला त्याच्या ओढीनं डोलतो ना, म्हणून तो आहे."

पुढे मावशी विसरू लागली. आधी डबे, मग माणसं. मावसाजी आम्हा सगळ्यांकडे फिरले, प्रत्येकाला वेगळं बसवून तिच्या आठवणी विचारल्या, आणि ज्या किमान दोघांच्या जुळल्या तेवढ्याच तिला रोज चहाबरोबर सांगू लागले. एक दिवस तिनं त्यांनाच विचारलं, "तुम्ही कोण जी?" मला राहवलं नाही. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सांगा ना तिला, आपला प्रेमविवाह होता म्हणून. तिला बरं वाटेल."

"नव्हता," ते म्हणाले. "खोटं काहून भरू?" आणि तिचा गार झालेला चहा परत गरम करायला गेले. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया वाटली.

परवा दुपारी गेलो तर मावशी स्क्रीनसमोर बसली होती. मला ओळखलं नाही, पण कड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आत दोघं आहेत बरं. दुसरा दिसत नाही."

"कोणी सांगितलं?"

तिनं मावसाजींकडे पाहिलं. नाव आठवेना. "यांनी," ती म्हणाली. "हे खोटं नाही बोलत."

कोणालाही न विचारता मावसाजींनी ते लगेच खरं मानलं.