का ते ठाऊक नाही, पण काढू नये

शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे दादाच म्हणत. घरी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांनी अठरा वर्षं एक प्रोग्राम सांभाळला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवी. लिहिला होता धाकट्या बहिणीसाठी. तिला दिसत नसे. कचेरीत साहेबांचे कच्चे मसुदे ऐकून ती पक्की पत्रं टाइप करी, ती त्याच्याच भरवशावर.

पुढे दादांनी तो सर्वांना वापरायला आणि बदलायला खुला केला, तसे ठिकठिकाणचे हौशी मदतनीस आले. नव्याचे नऊ दिवस! जो तो आपलं ठिगळ लावी, "नंतर नीट करू" असं लिहून ठेवी आणि आपल्या संसाराला लागे. फुकट राबणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ठिगळं वाढली, मूळ कापड दिसेना.

कचेरीत नवे कॉम्प्युटर आले आणि प्रोग्राम ओळीओळीला अडखळू लागला.

"दादा, तुझा पोपट हल्ली फार विचार करून बोलतो," बहीण म्हणाली.

"म्हातारा झालाय गं, माझ्यासारखा."

"थट्टा नको. महिनाअखेर सुधारलं नाही, तर साहेब पत्रं दुसरीकडे देणारेत."

दादा साफसफाईला बसले. प्रोग्राममधल्या अकरा ओळी अशा सापडल्या, की मजकुराची प्रत्येक ओळ वाचल्यावर त्याला उगाच थांबवत होत्या, नव्या कॉम्प्युटरवर तर जास्तच. वर टीप होती: "का ते ठाऊक नाही, पण काढू नये." लिहिणारा मदतनीस सात वर्षांपूर्वीच काम सोडून गेलेला, आता त्याचा ठावठिकाणा नव्हता. दादांनी त्या काढल्या. पोपट घडाघडा बोलू लागला.

"अहो, तिच्या कचेरीत एकदा बघून मग द्या," वहिनी म्हणाल्या.

"उद्या महिना संपतोय."

त्या थांब्यातच पानाची शेवटची ओळ प्रोग्रामच्या हाती येत असे, हे नंतर कळलं. थांबा काढल्यावरही घरच्या कॉम्प्युटरवर ती येई, कचेरीतल्या नव्यावर गळे. बहिणीनं दिवसभरात उमेदवारांना बोलावणारी बावीस पत्रं झपाझप हातावेगळी केली. मुलाखतीला कधी यायचं, ती मसुद्याच्या शेवटच्या ओळीतली तारीख एकाही पत्रात नव्हती.

आठवड्यानं तिचा फोन आला.

"मला चौकशीच्या फोनवर बसवलंय. तो वाजतच नाही रे."

"ओळी परत घातल्यात मी."

"बरं केलंस," ती म्हणाली. "बाकीच्यांना होईल उपयोग."